इन-इअर हेडफोन

इन-इअर हेडफोन हे कर्णनलिकेत घट्ट बसवून वापरावयाचे श्रवणसाधन आहे. २००१ साली बाजारात आलेल्या आयपॉडसोबत मिळणारे पांढरे इअरबड कानाच्या बाहेरील खोलगट भागात टेकून राहत व कर्णनलिका मोकळी ठेवत. इन-इअर प्रकारात सिलिकॉन किंवा फोमच्या टिपमुळे ती बंद होते. पोर्टेबल म्युझिक प्लेअरसाठी दोन संचांची तुलना करताना हा फरक सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

टिप सैल बसल्यास खर्जाचे स्वर जवळजवळ नाहीसे होतात आणि उत्तम संचही पोकळ वाजतो. त्यामुळे एकाच संचाविषयी दोन श्रोत्यांची मते परस्परविरोधी असू शकतात. दोष बहुधा संचाचा नसून टिपच्या मापाचा असतो. तुलना करताना दोन्ही संचांचा आवाज समान पातळीवर आणणेही आवश्यक असते, कारण किंचित मोठा आवाज श्रोत्याला अधिक चांगला भासतो. वेष्टनावर छापलेला '२० ते २०,००० हर्ट्झ' हा पल्ला मात्र तुलनेस फारसा उपयोगी नाही. त्या पल्ल्यात ध्वनी किती समतोल आहे, हे त्यावरून कळत नाही.

बहुतेक संचांत पडदा व कॉइल असलेला डायनॅमिक ड्रायव्हर असतो. काहींत श्रवणयंत्रांतून आलेला लहान बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर वापरतात. एटिमोटिक रिसर्च या अमेरिकी कंपनीचा १९९१ सालचा ईआर-४ हा त्याचा प्रसिद्ध नमुना होय. त्याच्या ईआर-४एस आवृत्तीचा इम्पिडन्स सुमारे १०० ओहम असल्याने लहान प्लेअरवर तिचा आवाज कमी पडे. पोर्टेबल प्लेअरसाठी काढलेल्या ईआर-४पी आवृत्तीत तो सुमारे २७ ओहम होता. ७५ ओहमची जोडतार लावल्यास दुसरी आवृत्ती पहिलीसारखी वाजे.

घट्ट बसणारी टिप बाहेरचा गोंगाटही अडवते. रेल्वे किंवा बसमध्ये उघडे इअरबड वापरणारा श्रोता गाडीच्या आवाजावर मात करण्यासाठी आवाज वाढवत नेतो. इन-इअरमध्ये तेच संगीत कमी पातळीवर स्पष्ट ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबेलवर ४० तास ही मर्यादा सुचवली आहे. पातळी ३ डेसिबेलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मी होते, म्हणजे ८३ डेसिबेलला २० तास आणि ८९ डेसिबेलला केवळ ५ तास. मोठ्या आवाजाने आंतरकर्णातील केसपेशी नष्ट झाल्यास त्या मानवी शरीरात पुन्हा निर्माण होत नाहीत. मात्र हाच अटकाव रस्त्यावर चालताना धोकादायक ठरतो, कारण वाहनाचा भोंगा ऐकू येत नाही.