मामा कंपनीत नसेल तर...

‘त्याचं काय, त्याचा मामा कंपनीत आहे!’ नोकरीसाठी वाळूजला खेटे घालून परतलेल्या मुलाच्या तोंडी हे वाक्य हमखास येते. त्यात तथ्य नाही असे नाही. पण हा मामा नेमके काय करतो, ते पाहण्यासारखे आहे. साहेबाला चिठ्ठी देण्याइतकी त्याची पोच बहुधा नसते. तो एवढेच सांगतो, ‘पुढच्या महिन्यात आमच्याकडे दोन माणसं लागणार आहेत, सोमवारी बायोडाटा घेऊन ये.’ मामाचे वजन भाच्याच्या कामी येत नाही, कामी येते ती आधी कळलेली बातमी.

आपल्या शहराच्या उद्योगांची घडण पाहिली की हे पटते. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग पुरवणारे लहान-मोठे कारखाने उभे राहिले. पंधरा-वीस कामगारांच्या शॉपमध्ये भरतीचे वेगळे खाते नसते. ऑर्डर वाढली की मालक सुपरवायझरला विचारतो, ‘कुणी चांगला पोरगा आहे का रे?’ संध्याकाळपर्यंत नाव ठरते. जाहिरात देण्याची वेळच येत नाही.

मग ज्याचा मामा नाही, त्याने काय करायचे? अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन शहरात, नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांकडे चौकशी केली. त्यांचा लेख १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. ५५ टक्क्यांहून अधिक लोकांना अधूनमधून भेटणाऱ्याने आणि सुमारे २८ टक्क्यांना क्वचित भेटणाऱ्याने सांगितले होते. कारण सोपे आहे. घरच्यांना आणि जिवलग मित्रांना जे माहीत असते, ते आपल्यालाही माहीत असते. नवी बातमी लांबून येते. ग्रॅनोव्हेटर यांनी विचारले ते अधिकारी आणि तंत्रज्ञ वर्गाला. आपल्याकडे मामाचे पारडे थोडे जड असेलही. तरी लांबच्या ओळखींचा मुद्दा इथेही लागू पडतो, आणि त्या ओळखी मिळवता येतात. मामा मिळवता येत नाही!

त्यासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे अप्रेंटिसचे वर्ष. बहुतेक मुले त्या वर्षात फक्त आपल्या मशीनकडे पाहतात. वास्तविक तिथे मशीन दुरुस्तीला बाहेरून येणारा इंजिनिअर असतो, टूल विकणारा प्रतिनिधी असतो, माल तपासायला आलेला दुसऱ्या कंपनीचा माणूस असतो. ही माणसे महिन्याला वीस-पंचवीस शॉपमध्ये फिरतात. कुठे नवे मशीन येते आहे, कुठला ऑपरेटर सोडून गेला, हे त्यांना मालकाच्या खालोखाल ठाऊक असते. त्यांचे नाव लिहून ठेवा, दिवाळीला एक फोन करा.

विचारायचे कसे, हेही महत्त्वाचे. ‘साहेब, कुठेतरी लावून द्या’ म्हटले की समोरच्याच्या हाती ‘बघतो’ म्हणण्यापलीकडे काही उरत नाही. त्याऐवजी ‘तुमच्याकडे कोणती मशीन आहेत? येणाऱ्या मुलाला काय आलं पाहिजे?’ असे विचारा. याचे उत्तर देताना माणूस मोकळा होतो, आणि जागा निघाली की त्याला तुमचाच चेहरा आठवतो. शिफारस करणाऱ्याची पतही पणाला लागते. त्याच्या शब्दावर लागलेला मुलगा तिसऱ्या दिवशी दांडी मारतो, तेव्हा त्याच्या पुढच्या शब्दाला किंमत उरत नाही. म्हणून काम झाले किंवा नाही झाले, त्याला कळवायला विसरू नका.

महाविद्यालयांचे माजी विद्यार्थी हा असाच दुर्लक्षित ठेवा. इथले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. इतक्या वर्षांत तिथून बाहेर पडलेले लोक चिकलठाण्यापासून शेंद्र्यापर्यंत आहेत. ‘मसिआ’ ही लघुउद्योजकांची संघटना औद्योगिक प्रदर्शन भरवते. तिथे दोनशे बायोडाटा वाटण्यापेक्षा पाच स्टॉलवर नीट बोललेले बरे.

सरकारी भरतीचे मात्र वेगळे आहे. तिथे ‘माझी ओळख आहे, दोन लाख द्या’ म्हणणारा हा फसवणारा समजावा आणि उठून यावे.

सगळ्यात अडचण होते ती मुलींची. बातमी फिरते कंपनीच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर, आणि तिथे मुलगी उभी राहत नाही. नात्यागोत्यातले, जातीतले लोकही आधी मुलाचे नाव सुचवतात. अशा वेळी आयटीआयच्या निदेशकांनी आणि पॉलिटेक्निकच्या प्राध्यापकांनी मागच्या तुकड्यांतल्या, नोकरीला लागलेल्या मुलींना वर्षातून एकदा वर्गात बोलवावे. खर्च फक्त चहाचा. कुठल्या कंपनीत मुलींना पाळी कोणती मिळते, बस कुठपर्यंत येते, सुपरवायझर कसा आहे, हे त्याच सांगू शकतात.