अठ्ठेचाळीस तासांत चित्रपट : स्पर्धा, नियम आणि बक्षिसे

(ऊस विकास अधिकाऱ्यांकडून)



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि तोडणी यांविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे, पण तोही वेळेचाच आहे. गेल्या हंगामात गटसभांना गेलो असता दोन-तीन गावांत एकच तक्रार कानावर आली. "साहेब, पोरगं शुक्रवारी रात्री मोबाईल घेऊन गेलं ते रविवारीच घरी आलं. विचारलं तर म्हणतंय, पिक्चर करत होतो. दोन दिवसांत कुठं पिक्चर होतोय व्हय?"

होतो. चार ते सात मिनिटांचा होतो, पण होतो. त्याच्या रीतसर स्पर्धा भरतात, परीक्षक बसतात आणि बक्षिसे मिळतात. आपल्या घरातील मुले-मुली अशा स्पर्धांत उतरू लागली आहेत. तेव्हा हा प्रकार आहे तरी काय, हे आई-वडिलांना माहीत असलेले बरे.

सुरुवात कोठे झाली

२००१ साली अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे मार्क रुपर्ट या चित्रपट करणाऱ्या गृहस्थांच्या मनात आले की, ४८ तासांत चित्रपट पुरा करता येईल का? आणि झालाच तर तो बघण्यासारखा असेल का? लिझ लँगस्टन या त्यांच्या जोडीला होत्या. ओळखीच्या लोकांचे संघ करून त्यांनी हे करून पाहिले. त्यातून 'फोर्टी एट अवर फिल्म प्रोजेक्ट' ही स्पर्धा उभी राहिली. पुढे ती जगातील अनेक शहरांत गेली, मुंबईतही झाली. न्यूझीलंडमध्ये २००३ सालापासून अशीच पण वेगळी ४८ तासांची स्पर्धा सुरू झाली. आपल्या देशात २०११ साली अहमदाबादेतून 'इंडिया फिल्म प्रोजेक्ट'ने ५० तासांची स्पर्धा चालू केली. तासांत थोडा फरक असला तरी मूळ कल्पना एकच.

नियम कसे असतात

मूळ वॉशिंग्टनच्या स्पर्धेची रीत सांगतो, म्हणजे बाकीच्यांची कल्पना येईल.

शुक्रवारी संध्याकाळी शहरातील सगळे संघ एका जागी जमतात. प्रत्येक संघ चिठ्ठी उचलतो. त्या चिठ्ठीवर चित्रपटाचा प्रकार असतो. कोणाला विनोदी येतो, कोणाला रहस्यकथा, कोणाला भुताखेतांचा. त्यानंतर सर्वांना मिळून तीन गोष्टी नेमून देतात. एक पात्र, एक वस्तू आणि एक वाक्य. समजा, पात्र वजनकाट्यावरचा कारकून, वस्तू कोयता आणि वाक्य "आज तोड मिळाली का?" असे ठरले, तर प्रत्येक संघाच्या चित्रपटात तो कारकून, तो कोयता आणि ते वाक्य, एकही शब्द न बदलता, आलेच पाहिजे.

हे कशासाठी? तर कोणी महिनाभर आधी चित्रपट करून ठेवून रविवारी नुसता आणून देऊ नये म्हणून. जुना काटा मारायची सोयच राहत नाही!

आधी काय करावे आणि काय करू नये, हेही ठरलेले असते. माणसे गोळा करावीत, जागा बघून ठेवाव्यात, यंत्रे भाड्याने आणावीत. पण गोष्ट लिहिणे, तालीम करणे, चित्रण, संकलन ही सर्व कामे त्या ४८ तासांतच व्हावयास हवीत. काम करणारे सगळे हौसेचे असावेत, मजुरी घेणारे नसावेत. चित्रपट किमान ४ आणि जास्तीत जास्त ७ मिनिटांचा. रविवारी संध्याकाळी ठरल्या वेळेच्या आत तो हातात आला पाहिजे.

बहुतेक संघ शुक्रवारची रात्र लिहिण्यात घालवतात, शनिवारी चित्रण करतात, रविवारी तुकडे जोडून आवाज बसवतात. झोप मिळाली तर मिळाली.

उशिरा आलेल्याचे काय

वेळ टळल्यावर आलेला चित्रपटही थिएटरात दाखवला जातो, ही या स्पर्धेतील आम्हाला आवडलेली गोष्ट. केलेले कष्ट फुकट जात नाहीत. पण शहरातील सर्वोत्कृष्ट चित्रपट निवडताना त्याचा विचार होत नाही. मग संघ नामवंत असो की नवखा.

तोडलेल्या उसाचेही असेच आहे. तोडल्यापासून २४ तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडला तर वजन आणि उतारा दोन्ही चांगले राहतात. तिसऱ्या दिवशी आलेला ऊसही गाळला जातो, पण मधल्या वेळेत त्याचे वजन घटते, साखर मोडू लागते, आणि ते नुकसान कोणालाही भरून काढता येत नाही.

बक्षिसे

परीक्षकांचे गुण तीन भागांत वाटलेले असतात. गोष्ट, कल्पकता आणि रंजकता यांना ४५ टक्के. चित्रण, आवाज वगैरे कारागिरीला ३० टक्के. आणि नेमून दिलेले काम कितपत पाळले याला २५ टक्के. म्हणजे चौथा हिस्सा नुसता शिस्तीला आहे. महागडा कॅमेरा आणला पण नेमून दिलेली वस्तू कोपऱ्यात कशीबशी टाकली, तर त्या चौथ्या हिश्शातले गुण जातात.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाखेरीज दिग्दर्शन, लेखन, अभिनय, संकलन यांना बक्षिसे असतात. नेमून दिलेल्या पात्राचा, वस्तूचा आणि वाक्याचा उत्तम उपयोग करणाऱ्यालाही स्वतंत्र बक्षीस असते. प्रेक्षक मते देतात, त्यांचे बक्षीस निराळे. शहरातून पहिला आलेला चित्रपट पुढे 'फिल्मापलूझा' या वार्षिक मेळाव्यात इतर शहरांच्या विजेत्यांसमोर उभा राहतो. तेथील निवडक चित्रपट फ्रान्समधील कान महोत्सवाच्या लघुपट कक्षापर्यंत पोहोचले आहेत.

"पैसे किती मिळतात?" हा प्रश्न सभासद हमखास विचारतात. पैशासाठी या स्पर्धेत उतरणे म्हणजे पाचट विकून टॅक्टर घेण्यासारखे आहे. मिळणारी गोष्ट दुसरीच. एरवी ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे वेळ, हा चित्रपटाच्या धंद्यातला रिवाज. येथे सर्वांना सारखे दोन दिवस. सगळ्यांसाठी काटा एकच, हे ज्या सहकारात आपण शिकलो त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये.

जुनी मुळे आपल्याच मातीत

चित्रपट आणि शेती यांचे नाते आपल्याकडे फार जुने आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली 'अंकुराची वाढ' नावाची छोटी फिल्म केली. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर मिनिटभरात कोंब वर आला आणि वेल झाला. ते पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला आणि 'राजा हरिश्चंद्र'चा मार्ग मोकळा झाला. त्याचे चित्रण सुमारे सात महिने चालले. ३ मे १९१३ रोजी तो मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला.

सहकाराचेही नाते आहे. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' हा १९७६ सालचा चित्रपट गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घालून उभा केला. २०२४ साली त्याची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवण्यात आली. दोन रुपयांच्या भागधारकांचा चित्रपट अठ्ठेचाळीस वर्षांनीही टिकून आहे.

आमच्या गटातील एक संघ

आता जवळची गोष्ट. गेल्या हंगामात एका गटातील पाच जणांनी अशाच एका स्पर्धेत भाग घेतला. तीन मुलगे, दोन मुली, सगळे सभासदांच्या घरचे. संघाची प्रमुख पदविकेला शिकणारी मुलगी. या स्पर्धेत कोठे जावे लागत नव्हते, विषय मोबाईलवर यायचा आणि चित्रपटही तसाच पाठवायचा. विषय आला 'वाट पाहणे'.

रात्रभर डोके खाजवून त्यांनी ठरवले की, बीडकडून आलेल्या टोळीतील एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीवर चित्रपट करायचा. आई-बाप पहाटेपासून फडात. ही पोर गाडीच्या साटीखाली झोळी बांधून धाकट्या भावाला झोका देते, आणि गाडी भरायची वाट बघते. गाडी रस्त्याला लागली की तिला साखरशाळेच्या वळणापर्यंत बसून जाता येते.

मुकादमाने परवानगी दिली, पण अट घातली. "शूटिंग खुशाल करा, कोयता थांबायचा न्हाई. गाडी टायमात भरली पायजे." मुलीच्या आईनेही अट घातली. "झालं की आमाला दावायचं." दोन्ही अटी मान्य करून मुलांनी काम चालू असताना, मोळ्या बांधल्या जात असताना, कोणालाही न थांबवता चित्रण केले. त्यामुळे चित्रपटात खोटे काही आलेच नाही.

रविवारी रात्री तुकडे जोडता जोडता वेळ संपत आली. गावात रेंज कमी, फाईल मोठी. मोटारसायकलवरून तालुक्याला गेले, तोवर अकरा मिनिटे उशीर झाला होता. एकाने सुचवले की, संयोजकांना फोन लावू, विनवणी करू. प्रमुख मुलगी म्हणाली, "तोडीची तारीख गेल्यावर लोक चिटबॉयच्या मागं लागतात, तसं आपण करायचं नाही." विषय तिथेच संपला. बक्षीस नाही, प्रमाणपत्र नाही.

दुसरी अट मात्र त्यांनी पाळली. शाळेतला प्रोजेक्टर मागून आणला, कोप्यांजवळ दोन बांबूंना पांढरी चादर बांधली आणि टोळीला चित्रपट दाखवला. टोळीने तो तीनदा पाहिला. आम्ही त्या रात्री तेथे होतो. मुलीची आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी ऊस तोडताना खाली बगती. ही माझ्याकडं बगत बसती, ह्ये मला कधी दिसलंच न्हवतं."

पुढच्या गटसभेत तोच चित्रपट सभासदांना दाखवला. फड ज्यांचा होता ते म्हातारबाबाही होते. ते म्हणाले, "आपल्या रानात रोज हे चाललंय अन् आपण नुसतं टनावर डोळा ठेवतोय." त्यावर सभेत साखरशाळेला मुले कशी पोहोचतात यावर तासभर चर्चा झाली. उताऱ्यावर इतकी चर्चा झालेली आम्ही क्वचितच पाहिली आहे.

पालकांनी आणि मुलांनी ध्यानात ठेवावे असे

१. ज्याचे चित्रण करायचे त्याची आधी परवानगी घ्यावी. लहान मूल असेल तर आई-वडिलांची. मोठ्या स्पर्धांत अशी संमती लेखी मागतात. आणि दाखवायचा शब्द दिला असेल तर तो पाळावा.

२. वजनकाटा, ऊस उतरवण्याची जागा आणि गव्हाण येथे विनापरवाना जाऊ नये. भरलेल्या ट्रॉलीखाली किंवा चालत्या गाडीपुढे उभे राहून चित्रण करू नये. दोन दिवसांच्या घाईत जीव जाईल असे काही करावयाचे नाही.

३. पडद्यावर आग चांगली दिसते म्हणून पाचट पेटवू नये. शेजारचा उभा ऊस पेटायला वेळ लागत नाही. शिवाय पाचट खोडव्यात राहिले तर ओल टिकते आणि जमिनीला खत होते, हे आम्ही दर हंगामात सांगतोच आहोत.

४. सिनेमातील गाणी परवानगीवाचून वापरू नयेत, चित्रपट बाद होऊ शकतो. गावात भजनी मंडळ आहे, हलगीवाले आहेत. त्यांना विचारावे.

५. ठरल्या वेळेच्या दोन तास आधी काम संपवावे. शेवटच्या तासाला सगळेच पाठवत असतात. काट्यावर रांग असते, तशी तेथेही असते.

एक सूचना

गाळप बंद झाल्यावर, उन्हाळी सुट्टीत, गटवार अशी स्पर्धा घ्यावी अशी सूचना काही सभासदांनी गटसभांत केली आहे. निर्णय संचालक मंडळाचा आहे. झालीच, तर नियम आधी छापून द्यावेत, परीक्षक कार्यक्षेत्राबाहेरचे असावेत आणि घड्याळ सर्वांना एकच असावे, एवढे आमचे मत. संचालकांचा मुलगा अकरा मिनिटे उशिरा आला तरी त्याचा चित्रपट दाखवावा, टाळ्या वाजवाव्यात आणि बक्षीस दुसऱ्याला द्यावे. हे जमणार असेल तरच स्पर्धा घेण्यात अर्थ आहे.

तोवर ज्या घरातील मुले शुक्रवारी रात्री मोबाईल घेऊन बाहेर पडतील, त्यांना रागावण्याआधी भाकरी बांधून द्यावी आणि रविवारी काय केले ते बघायला मागावे.

ज्यांना अशा स्पर्धेत रस असेल त्यांनी आपल्या गटकार्यालयात नाव नोंदवून ठेवावे. आडसाली लावणीच्या नोंदीचे कागदही तेथेच मिळतील, तेवढे येताना विसरू नये.