संडासाचा खड्डा भरला? उपसू नका, वाट बदला



परसातल्या एका खड्ड्याच्या संडासात पाणी टाकले की भांड्यातच तुंबते, अशी तक्रार असेल तर आधी कोंबडा तपासा. कोंबडा म्हणजे भांड्याखालचा पाणी धरून ठेवणारा वाकडा भाग. बांबूची लवचीक कामटी घालून तो मोकळा करा. पुष्कळदा चिंधी नाहीतर प्लॅस्टिकची पिशवीच अडकलेली निघते. तरीही तुंबत असेल तर खड्डा भरला असे समजा.

अशा वेळी उपसायला माणूस बघू नका. भरलेल्या खड्ड्यात विषारी वायू साठतो, प्राणवायू कमी असतो. उतरलेला माणूस हाक मारायच्या आत कोसळतो आणि त्याला काढायला धावलेला दुसराही जातो. शिवाय न कुजलेला मैला माणसाकडून हाताने काढून घेणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. मजुरी दुप्पट दिली म्हणून तो माफ होत नाही.

मग करायचे काय? भरलेल्या खड्ड्याला हातच लावायचा नाही. शेजारी तेवढाच दुसरा खड्डा घ्यायचा आणि नळाची वाट तिकडे वळवायची.

पाचसहा माणसांच्या घराला आतून सव्वातीन फूट रुंद आणि साधारण चार फूट खोल गोल खड्डा पुरतो. जास्त खोल नेण्याचा मोह नको. दोन खड्ड्यांत निदान खोलीइतके अंतर ठेवा, नाहीतर चालू खड्ड्याचे पाणी बंद खड्ड्यात झिरपेल. वीटकाम जाळीदार करा, तळ मातीचाच राहू द्या. काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही; तिथे बांधकामाभोवती फूटभर वाळू व विटांचे तुकडे भरा. विहिरीपासून साध्या मातीत 50 फूट तरी लांब राहा. खाली भेगांचा खडक किंवा जांभा असेल तर आणखी लांब, कारण भेगेतून पाणी गाळल्याशिवाय पळते.

आता खरे काम जोडाचे. जुना नळ मध्येच कापून तिथे फूट-सव्वा फुटाचा छोटा हौद बांधा. भांड्याकडून येणारा नळ एका बाजूला, खड्ड्यांकडे जाणारी दोन तोंडे समोर, इंग्रजी वाय अक्षरासारखी. हौदाचा तळ सिमेंटने गुळगुळीत करून त्यात पन्हळी पाडा, काटकोनात वळण देऊ नका. नळ चार इंची घ्या. दर 10 फुटांना निदान 10 इंच उतार हवा. नळाचे टोक खड्ड्यात चार इंच आत येऊ द्या, म्हणजे पाणी भिंतीवरून ओघळणार नाही. सिमेंट धरेपर्यंत दोनतीन दिवस संडास बंद राहील. घरातल्या बायकांची आणि म्हाताऱ्यांची सोय आधी करा. ही गोष्ट गवंडी सांगत नाही.

जुन्या खड्ड्याकडचे तोंड वीट व चिखलाने पक्के बंद करा. इथेच घोटाळा होतो. 'दोन्ही उघडी ठेवली तर जास्त दिवस चालेल' असे कोणी सांगेल. ऐकू नका. दोन्ही खड्डे एकदमच भरतील, एकालाही विसावा मिळणार नाही आणि पैसे घालून तुम्ही जिथल्या तिथे. न्हाणीचे पाणीही या खड्ड्यांत सोडू नका.

तुमची जुनी टाकी तळापर्यंत गिलावा केलेली असेल, तर मात्र ती शोषखड्डा नव्हे. तिचा गाळ यंत्राच्या गाडीनेच काढावा लागतो. तिचे बाहेर पडणारे पाणी गटारात न सोडता वेगळ्या शोषखड्ड्यात मुरवा.

बंद खड्डा पुरी दोन वर्षे झाकून ठेवा. किती महिने झाले हे कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून झाकणावर महिना आणि साल रंगाने लिहून ठेवा. मुदत भरल्यावर आत काळपट, भुसभुशीत, वास नसलेले सोनखत मिळते. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पा पटवर्धनांनी मैल्याच्या खतासाठी कित्येक वर्षे खपून काम केले, ते उगीच नव्हे. उघडल्यावर ओल किंवा घाण वास आला तर पुन्हा झाका. कोरडे असेल तर लांब दांड्याच्या फावड्याने वरूनच काढा, हात साबणाने धुवा. आंबा, नारळ, चिकू यांच्या आळ्यात ते मातीआड करा. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात नको.