राखड आणि वाळा

मुंबईकडे गॅलरी बंद करून खोली वाढवण्याची वहिवाट जुनी आहे. चंद्रपुरात मात्र फाल्गुन सरता सरता गॅलरीचा कब्जा कुलर घेतो, आणि मृग लागेपर्यंत घरच्या मंडळींनी तेथे उभे राहायचे ते त्याच्या मर्जीने. पारा जेथे ४७ अंशांपर्यंत चढतो, तेथे या पत्र्याच्या पेटीचा रुबाब कोण नाकारणार? वाळ्याच्या ताट्यांतून झिरपणारे पाणी कोरड्या हवेत विरताना तिची उष्णता हरण करते, एवढेच त्याचे शास्त्र. परंतु त्यासाठी सतत बाहेरची कोरडी हवा लागत असल्यामुळे त्याचे आसन खिडकीबाहेर, लोखंडी स्टँडवरच मांडावे लागते. इंग्रजी अमलात साहेबाच्या दारावरील वाळ्याच्या ताटीवर पाणी शिंपडण्यास नोकर असे. ते काम आता बोटभर नळीचा पंप करतो.

गोंड राजांच्या परकोटाबाहेर, जटपुरा दरवाज्यापासून तुकूमकडे निघाले की गॅलऱ्यांवर दुसरी सत्ता दिसू लागते, ती राखडीची, म्हणजे कोळशाच्या राखेची. दुर्गापूरच्या बाजूस २९२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे, भोवती कोळशाच्या खाणी आहेत. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूर चौथे होते. सरकारी दप्तरातील या आकड्याहून आम्हांस शेजारच्या काकूंचे फडके अधिक विश्वसनीय वाटते. सूर्योदयापूर्वी त्या ओल्या फडक्याने कठडा टोकापासून टोकापर्यंत पुसतात, ते उजेडाकडे धरून निरखतात, आणि मगच जुन्या धोतरावर वाळवणाचे सरगुंडे पसरायचे की नाही, याचा निकाल देतात. "आज नाही टाकत जी, राखड आहे," एवढे बोलून परात आत जाते.

घरोघरची कैफियतही अशीच, न विचारता, कठड्यावर वाचता येते. खाणीतल्या पाळीचे कपडे इतर धुण्यापासून हातभर दूर वाळतात; चैत्रात एखाद्या गॅलरीत पोत्यावर पसाभर मोहफुले दिसली की त्या घराचे गणगोत गडचिरोलीकडचे असावे, असा तर्क आम्ही बांधतो, आणि तो सहसा चुकत नाही.

दिवसा मात्र या गॅलऱ्या ओस असतात. माणसे तेथे येतात ती रात्री दहानंतर, दिवे मालवून, खुर्च्या ओढून. अंधारात फक्त बोलणे ऐकू येते.

आषाढात हवाच दमट झाल्यावर कुलरचा काही इलाज चालत नाही. डासांच्या भीतीने त्याची टाकी उपसली जाते, अंगावर प्लास्टिक चढते. आणि उन्हाळाभर ज्याने कोणास उभे राहू दिले नाही, त्याच्याच डोक्यावर आता कांद्याची टोपली आणि निथळणारी छत्री असते.