समजून घ्या : संसदेचा कायदा राज्यपाल बदलू शकतात का?

नंदुरबार : कायदा संसद करते, सरकार राबवते, न्यायालय अर्थ लावते. मग अक्राणीतल्या शेतकऱ्याच्या वनहक्क दाव्यात राज्यपाल कुठून आले?

उत्तर राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत आहे. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे संपूर्ण तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. अशा भागात एखादा कायदा लागू न करण्याचा किंवा फेरफार करून लागू करण्याचा अधिकार राज्यपालांना आहे.

काय बदलले?
२००६ च्या वनहक्क कायद्यानुसार जिल्हास्तरीय समितीचा निर्णय अंतिम होता. दावा फेटाळला, की कायद्यात पुढे अपिलाची सोय नव्हती. मे २०२० मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने राज्यातील अनुसूचित क्षेत्रांसाठी विभागीय समितीकडे अपिलाची वाट खुली झाली.

मर्यादा काय?
त्याआधी महिनाभर, एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आंध्र प्रदेशातील आदेश रद्द केला होता. त्यात अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकपदांवर आदिवासींना १०० टक्के आरक्षण होते. राज्यपालांचा अधिकार मूलभूत हक्कांहून वरचढ नाही, असे न्यायालयाने सांगितले.

थोडक्यात, राज्यपाल कायद्यात फेरफार करू शकतात. राज्यघटनेला वळसा घालू शकत नाहीत. दावेदारांनी मात्र दावा फेटाळल्याचा लेखी आदेश जपून ठेवावा. अपील त्याच आदेशाविरुद्ध होते.