गुणवंतांची वेचणी की जोपासना?

निकाल लागले की गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांच्या कुंपणावर फलक झळकू लागतात. शिष्यवृत्ती परीक्षेत यश मिळवलेल्या मुलांची छायाचित्रे, त्यांचे गुण, मार्गदर्शक शिक्षकांची नावे आणि एका कोपऱ्यात ग्रामपंचायतीच्या शुभेच्छा असा हा फलक म्हणजे शाळेची वर्षभराची कमाई असते. पटसंख्या घसरत चाललेल्या शाळेला त्याची गरजही असते. इंग्रजी माध्यमाच्या शाळेची बस रोज सकाळी गावच्या वेशीवर येऊन उभी राहत असताना मराठी शाळेने आपला दर्जा सिद्ध करावा तो दुसऱ्या कोणत्या पुराव्याने? तेव्हा या फलकाला हसण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो फलकावरील मुलाच्या वाट्याला दुसऱ्या दिवशी वर्गात काय येते, हा. बहुधा काहीच येत नाही. जे त्याला केव्हाच समजले आहे तेच ते पुन्हा ऐकते, उदाहरण सर्वांच्या आधी सोडवून स्वस्थ बसते, आणि फार झाले तर गुरुजी त्याच्या हाती खडू देऊन इतरांना समजावून सांगण्यास सांगतात.

महाराष्ट्रात शिष्यवृत्ती परीक्षेला सुमारे सात दशकांची परंपरा आहे. चौथी आणि सातवीला होणारी ही परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला नेण्यात आली. २०२५ साली ती पुन्हा चौथी-सातवीकडे वळवण्याचा निर्णय झाला. या अदलाबदलीवर शिक्षक संघटनांत आणि वृत्तपत्रांत भरपूर चर्चा झाली. शिष्यवृत्तीची रक्कम दीर्घकाळ अगदीच नाममात्र होती. २०२३ साली ती पाचवीसाठी वर्षाला ५,००० आणि आठवीसाठी ७,५०० रुपये करण्यात आली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि परीक्षा कोणत्या इयत्तेत घ्यावी आणि रुपये किती द्यावेत, या दोन प्रश्नांपलीकडे ही चर्चा क्वचितच जाते. उत्तीर्ण झालेल्या मुलाला पुढे निराळे काय शिकवावे, हा प्रश्न कोणत्याही शासन निर्णयाच्या केंद्रस्थानी दिसत नाही.

केंद्र शासनाच्या योजनांचीही गत फारशी वेगळी नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलांसाठी २००८ साली सुरू झालेली राष्ट्रीय शिष्यवृत्ती नववी ते बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये देते, आणि दरवर्षी देशभरातील एक लाख मुले तिच्या कक्षेत येतात. आठवीनंतर शाळा सोडून कामाला लागण्याचा मोह वा सक्ती ज्या घरांत असते, तेथे ही रक्कम मोलाची ठरते, यात शंका नाही. पण ती मुलाला शाळेत टिकवते. शाळेत त्याला काय मिळते, ते ती बदलत नाही. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेची कथा तर अधिकच बोलकी आहे. १९६३ साली विज्ञानातील गुणवंतांसाठी आरंभलेली ही योजना २०२१ नंतर स्थगित झाली. त्याच्या एकच वर्ष आधी, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विशेष प्रतिभेच्या मुलांसाठी शाळेपासून जिल्ह्यापर्यंत विषयवार मंडळे स्थापन करण्याची भाषा केली होती. धोरणात परिच्छेद वाढले आणि प्रत्यक्षात होती ती योजनाही थांबली!

दुसरा मार्ग आहे तो निवडून वेगळे काढण्याचा. पुण्यात अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली, ती बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार झाला पाहिजे या जाणिवेतून. ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी राज्य शासनाने विद्यानिकेतने काढली. १९८५-८६ मध्ये देशातील पहिली दोन नवोदय विद्यालये सुरू झाली, त्यांपैकी एक अमरावती जिल्ह्यातील होते. या संस्थांनी अनेक शेतकरी-कष्टकरी घरांतील मुलांचे आयुष्य पालटून टाकले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु हिशेब मांडला की मर्यादा स्पष्ट होते. नवोदय विद्यालयात सहावीसाठी वर्षाला साधारण ८० जागा असतात. पुणे किंवा अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात एकट्या जिल्हा परिषदेच्या शाळा तीन हजारांहून अधिक आहेत. म्हणजे चाळीसएक शाळांमागे एखादे मूल, आणि या जागांवर खासगी शाळांतील मुलांचाही हक्क असतो. चाळीस शाळांतून एकच मूल प्रज्ञावान असते, असे मानण्यास कोणता आधार आहे?

हंगामाचे गणित

या निवड-परीक्षांच्या वेळापत्रकाकडे पाहिले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते, आणि तिच्याविषयी आश्चर्यकारक मौन पाळले जाते. दुर्बल घटकांच्या शिष्यवृत्तीची परीक्षा महाराष्ट्रात साधारणतः डिसेंबरात होते, नवोदयची बहुधा जानेवारीत आणि राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा आजवर प्रायः फेब्रुवारीत. बीड जिल्ह्यातून आणि त्याच्या आसपासच्या तालुक्यांतून ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि साखर कारखान्यांचे धुराडे थंडावल्यावरच परततात. म्हणजे तिन्ही परीक्षा नेमक्या त्या महिन्यांत, जेव्हा कोयता हाती घेतलेल्या आईबापांची मुले कारखान्याच्या तळावर धाकट्या भावंडाला सांभाळीत असतात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी राहू शकतात हे खरे. पण जी जातात, त्यांच्यातील बुद्धिमान मूल परीक्षेत नापास होत नाही. ते परीक्षेला बसतच नाही. त्याची नोंद कोणत्याही निकालपत्रात होत नाही आणि म्हणून ते कोणाच्या हिशेबातही येत नाही. असा न दिसणारा तोटा फार महाग पडतो.

नंदुरबारच्या डोंगरातील भिलोरी वा पावरी बोलणारे मूल, मेळघाटातील कोरकू मूल, गडचिरोलीतील गोंडी मूल यांची अडचण निराळी. प्रमाण मराठीतील लांबलचक शाब्दिक उदाहरण त्यांच्यासाठी आधी भाषेची परीक्षा असते आणि मग गणिताची. मुलींच्या बाबतीत अर्ज भरण्यापूर्वीच घरात निर्णय झालेला असतो. जादा तासासाठी संध्याकाळी शाळेत थांबू देणे किंवा निवासी शाळेत धाडणे अनेक पालकांना रुचत नाही.

अर्ज करील त्याची परीक्षा घेण्याऐवजी सर्वांचीच चाचणी घेतली तर काय घडते, याचे उत्तर परदेशातील एका प्रयोगाने दिले आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका मोठ्या शालेय जिल्ह्यात प्रज्ञावान मुलांची शिफारस पूर्वी पालक आणि शिक्षक करीत. २००५ पासून दुसरीतील सर्व मुलांची सरसकट चाचणी सुरू झाली. पात्रतेचा निकष तोच राहिला. तरी गरीब, कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश भाषक घरांतील निवडलेल्या मुलांची संख्या ठळकपणे वाढली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांनी २०१६ साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. ती मुले आधीही तेथेच होती, फक्त त्यांच्याकडे कोणी पाहिले नव्हते. पुढे मंदीच्या काळात खर्चकपातीत ही चाचणी बंद झाली, आणि जुनी विषमता परतली.

महाराष्ट्राला अशा चाचणीसाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. २०२३-२४ पासून शासकीय आणि अनुदानित शाळांत भाषा, गणित आणि इंग्रजीच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होऊ लागल्या, आणि त्यांतील पहिली, पायाभूत चाचणी ही वर्षाच्या पूर्वार्धात, ऊसतोडीच्या टोळ्या गावीच असताना घेता येते. आज तिच्या निकालातून कोण मागे आहे एवढेच शोधले जाते. सर्व उत्तरे बरोबर लिहिणाऱ्या तिसरीच्या मुलापुढे पाचवीची प्रश्नपत्रिका ठेवून पाहण्यास कितीसा खर्च येईल?

तुकड्यांचा अनुभव

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार देशातील ग्रामीण सरकारी शाळांत पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम ४४.८ टक्के आहे. अर्ध्याहून अधिक मुले मागे राहिली असताना पुढे गेलेल्या मूठभरांची चिंता वाहणे ही चैन नव्हे काय? वस्तुतः हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. पाचवीच्या पाठ्यपुस्तकातील ठरलेले पान ठरलेल्या आठवड्यात संपवायचे, या शिस्तीने मागचे मूलही हरवते आणि पुढचेही. शिक्षक पुस्तकाला शिकवतो. मूल कोठे उभे आहे हे पाहून शिकवण्याची सवड व्यवस्था त्याला देत नाही. ‘प्रथम’ संस्थेने मुलांचे गट इयत्तेनुसार न पाडता पातळीनुसार पाडण्याची पद्धत रूढ केली ती मागे पडलेल्यांसाठी. पण तेच तत्त्व दुसऱ्या टोकालाही तितकेच लागू पडते. पश्चिम केनियातील १२१ प्राथमिक शाळांत एस्थर डफ्लो, पास्कलीन ड्यूपा आणि मायकेल क्रेमर यांनी केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आरंभीच्या गुणांनुसार वर्ग विभागल्यावर वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही गटांतील मुलांची प्रगती अधिक झाल्याचे आढळले.

येथे मात्र सावध राहिले पाहिजे. ‘अ’ तुकडी आणि ‘ड’ तुकडी म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील कोणत्याही मोठ्या माध्यमिक शाळेत शिकलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. ‘ड’ तुकडीचा शिक्का वर्षानुवर्षे पुसला जात नसे आणि तेथे तासाला येणारे शिक्षकही त्याच नजरेने पाहत. केनियातील निष्कर्ष उचलून ती प्रथा परत आणण्यास येथे कोणीही मान्यता देऊ नये. विभागणी विषयापुरती, तासापुरती आणि दर काही महिन्यांनी बदलणारी हवी. गणितात पुढे असलेले मूल भाषेत मागे असू शकते. १९०४ साली शिष्यवृत्ती घेऊन कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात दाखल झालेल्या रामानुजनने ती गमावली, ती गणितेतर विषयांकडे पाठ फिरवल्यामुळेच. सर्व विषयांच्या बेरजेवर प्रज्ञा मोजणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

मग सामान्य शाळेने करावे काय? पाचवी, सहावी आणि सातवीचा गणिताचा तास वेळापत्रकात एकाच वेळी ठेवला, तर पाचवीतील मूल त्या एका तासापुरते सातवीत जाऊन बसू शकते आणि सातवीतील मागे पडलेले मूल गाजावाजा न होता पाचवीत. दोन शिक्षकी शाळेत तर हे नकळत घडतच असते. दुसरीतले चुणचुणीत पोर पलीकडच्या रांगेतल्या चौथीचा भागाकार कान देऊन ऐकत असते. गैरसोय म्हणून ज्या बहुवर्ग अध्यापनाला नावे ठेवली जातात, त्याचा हा एक उपयोग कोणी मोजलेला नाही. शाळेच्या कपाटात कुलूपबंद असलेली पुस्तके अशा मुलांच्या हाती देणे, हाही असाच बिनखर्चाचा उपाय.

यापुढील पायरी केंद्रशाळेची. एका केंद्राखाली दहा-बारा शाळा येतात. त्यांतील गणितात, चित्रकलेत, यंत्रांत वा लेखनात रमणाऱ्या मुलांना पंधरवड्यातून एका शनिवारी एकत्र आणून, त्या केंद्रातील त्या-त्या विषयाचा सर्वात जाणकार शिक्षक त्यांच्यापुढे उभा करता येईल. सराव प्रश्नपत्रिका मात्र या बैठकीतून हद्दपार असाव्यात, नाहीतर आठवडाभरात तिचा जादा तास होईल. एकट्या पडलेल्या हुशार मुलाला आपल्यासारखे दुसरे मूल भेटणे, ही त्याची पहिली गरज असते, आणि गावातले ते एकुलते मूल निवासी शाळेत निघून गेले की मागे राहिलेल्या वर्गालाही चमकदार प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही.

यासाठी केंद्रप्रमुखाची जागा भरलेली असावी लागते, मुलांच्या जाण्यायेण्याचे भाडे कोणीतरी द्यावे लागते, आणि त्या शनिवारी शिक्षकाला मतदार यादीच्या कामावर धाडलेले नसावे लागते. राज्यात केंद्रप्रमुखांची अनेक पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिली आणि त्यांचा कारभार शेजारच्या केंद्रप्रमुखाकडे वा एखाद्या मुख्याध्यापकाकडे अतिरिक्त म्हणून सोपवला गेला. पुढील वर्षीची वेळापत्रके जूनमध्ये आखली जातील; शनिवारच्या रकान्यात काय लिहावयाचे, हे मुख्याध्यापक ठरवू शकतात. केंद्रप्रमुखाच्या रिकाम्या खुर्चीचा निर्णय मात्र मंत्रालयातच होतो.