संतती कोणासाठी?

समाजाची संख्या घटत चालली आहे, तेव्हा तरुण दांपत्यांनी दोन-तीन अपत्ये होऊ द्यावीत, असे आवाहन अलीकडे जैन मेळाव्यांतून ऐकू येते. या चिंतेला आधार आहे. २००१ ते २०११ या दशकात देशाची लोकसंख्या १७.७ टक्क्यांनी वाढली, जैनांची अवघ्या ५.४ टक्क्यांनी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जैन स्त्रीमागे सरासरी १.६ अपत्ये आढळली; पिढी स्थिर राहण्यास सुमारे २.१ लागतात. मात्र जनगणनेचे आकडे नीट वाचले तर २०११ पर्यंत संख्या घटलेली नव्हती, तिची वाढ मंदावली होती. व्यासपीठावर हा भेद सहसा पुसला जातो.

आकडे काहीही असोत, अपत्य जन्मास घालावे की नाही, हा निर्णय कोणाचा? श्रावकाच्या चौथ्या अणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने ‘परविवाहकरण’ गणले आहे. स्वतःच्या मुलाबाळांखेरीज इतरांचे विवाह जुळवीत बसणे हा त्या व्रतातील दोष मानला गेला. ज्या परंपरेने दुसऱ्याचे लग्न लावण्याची हौसदेखील मर्यादेत ठेवली, तिने दुसऱ्याच्या घरी पाळणा हलावा म्हणून भरसभेत आग्रह धरावा, हे विसंगतच होय.

व्यापारी कुटुंबात या आग्रहामागे आणखी एक कारण असते. ‘पेढी पुढे कोण पाहणार?’ हा प्रश्न लग्नानंतर वर्षभरात सुनेच्या कानावर येतो. मुलाला तो त्या मानाने उशिरा विचारला जातो. वारसाची ओढ स्वाभाविक आहे, परंतु तिला धर्माचे नाव देता येणार नाही. श्वेतांबर आगमांतील उत्तराध्ययन सूत्राचे चौदावे अध्ययन याच वादाचे आहे. दीक्षेस निघालेल्या दोन मुलांना पुरोहित पिता समजावतो, की आधी संसार करा, पुत्र होऊ द्या, मग साधू व्हा. पुत्र कोणाचे रक्षण करू शकत नाहीत, असे मुले उत्तर देतात. अखेरीस पिता, माता, राणी आणि राजा इषुकार असे सर्वच त्यांच्या मागोमाग संसार सोडतात. पुत्राच्या पिंडावाचून गती नाही, ही समजूत तेथे मुळापासून खोडून काढली आहे.

न्यायालयांनाही हा भेद दिसला होता. जैनांमध्ये दत्तक हा पारलौकिक विधी नसून लौकिक व्यवहार आहे, असे ब्रिटिश काळातील निवाडे सांगतात. १८७८ साली प्रिव्ही कौन्सिलने निपुत्रिक जैन विधवेस पतीच्या अनुमतीवाचून दत्तक घेता येते, ही रूढी मान्य केली. पेढीला वारस हवा तर तो दत्तकानेही मिळे, आणि त्यात कमीपणा नव्हता. १९५६ पासून जैनांनाही हिंदू दत्तक कायदा लागू आहे.

दुसरीकडे, अपत्यजन्मच अनैतिक ठरविणारा विचारही आता घरोघरी मोबाइलवर पोहोचला आहे. २०१९ मध्ये मुंबईतील एका तरुणाने, आपली संमती न घेता जन्म दिला म्हणून आई-वडिलांवर दावा लावण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा त्याची पुष्कळ थट्टा झाली. पण दक्षिण आफ्रिकेतील तत्त्वज्ञ डेव्हिड बेनातार यांनी २००६ च्या आपल्या ग्रंथात मांडलेला युक्तिवाद थट्टेने उडवून लावण्याजोगा नाही. जो जन्मलाच नाही त्याला दुःख नाही, हे चांगले. त्याला सुख मिळाले नाही म्हणून मात्र कोणाचे काही बिघडत नाही, असे ते म्हणतात. जन्मापूर्वी कोणीच नसते, हे यात गृहीत आहे. जैन दर्शनाला नेमके तेच अमान्य आहे. जीव अनादी, आई-वडील देहाचे निमित्त होतात, जीवाचे कर्ते नव्हेत. म्हणून निरपत्य राहून कोणाला भवदुःखातून वाचविता येत नाही. आणि मनुष्यभव दुर्लभ म्हणून जितकी अपत्ये तितके पुण्य, असा उलटा हिशेबही चालत नाही. तसे असते तर कुमारवयात दीक्षा घेणाऱ्या साध्वींना परंपरेने दोष दिला असता.

मग आई-वडिलांच्या हाती उरते ते एवढेच, की येणारा जीव कोणत्या घरी येईल. त्या घरात त्याच्यासाठी वेळ आहे का? आईची इच्छा व प्रकृती विचारात घेतली गेली का? दुकान रात्री दहाला बंद करून येणारा पिता त्याला जागेपणी भेटेल का? तिसऱ्या अपत्यासाठी कोणी देणगी वा ठेव देऊ केली, तरी या प्रश्नांची उत्तरे तीतून मिळत नाहीत.

आणि मुलगी जन्मली तर? २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील जैन बालकांत हजार मुलांमागे ८८९ मुली होत्या. देशाची सरासरी ९१९ होती. मुंगीलाही जपून पाऊल टाकणाऱ्या समाजातील हा आकडा आहे. संख्या वाढविण्याच्या आवाहनांत त्याचा उल्लेख क्वचितच होतो.